खापरातली परीक्षा

‘टेस्ट’ हे इंग्रजी क्रियापद आपल्या घरात इतके रुळले आहे की आजीसुद्धा रक्त ‘टेस्ट’ करून येते. या शब्दाचे मूळ गाव दाखवायचे झाले तर मी शाळेकडे बोट न दाखवता हुपरीकडे दाखवीन. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाचे चांदीचे पैंजण दूरदूर जातात. आणि चांदी आली की ती खरी किती, हा प्रश्न आलाच.

लॅटिनमध्ये ‘टेस्टम’ म्हणजे मातीचे भांडे, खापर. त्याचा भाऊबंद ‘टेस्टा’; त्यावरून फ्रेंचांनी डोक्यालाच ‘तेत’ म्हटले. आपण हसू नये, संस्कृतातले ‘कपाल’ही खापर आणि कवटी दोन्ही आहे! पुढे हे नाव चांदी पारखण्याच्या वाटीला मिळाले. ही वाटी हाडांच्या राखेची असे. तिच्यात हिणकस चांदी शिशाबरोबर वितळवायची. तापलेले शिसे हवेतला प्राणवायू घेते, चांदीतले हीण सोबत ओढते आणि वाटीत जिरून जाते. उरतो चांदीचा मणी. आधीचे वजन आणि मण्याचे वजन, एवढाच हिशेब. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत भांड्याचे हे नाव परीक्षेलाच लागले. साक्ष देण्याचा ‘टेस्टिफाय’ मात्र निराळ्या कुळातला.

आपली ‘कसोटी’ म्हणजे काळा दगड. त्यावर सोने घासले की रेघ उमटते, दागिना जवळजवळ तसाच राहतो. भारताने 1932 साली लॉर्ड्सवर पहिली ‘टेस्ट’ खेळली. तिला आपण ‘कसोटी सामना’ म्हणतो आणि भाषांतरात आग विझून जाते. ‘परीक्षा’ त्याहून सौम्य: सर्व बाजूंनी पाहणे. माणसाला पाहावे, घासावे की जाळावे, हे ठरवताना आपण एवढा विचार करतो का? सून आणताना, नोकर ठेवताना, मैत्री जोडताना आपला हात पटकन विस्तवाकडे जातो.

शिवाय टंच काढणारा चांदीला ‘तू शुद्ध आहेस का?’ असे विचारतच नाही. शुद्ध चांदी फार मऊ. तिचे पैंजण पायात वाकतील. म्हणून तांबे मिसळावेच लागते. हजारात 925 भाग चांदी असली तरी ती उत्तम, आणि 800 चीही प्रत भारतीय मानकांत आहे. मिसळ ही लबाडी नव्हे. 800 ला 925 म्हणणे ही लबाडी. माणसाच्या बाबतीत आपण नेमका हा भेद विसरतो. तो सांगतो तेवढा आहे का, हे न पाहता तो निर्भेळ का नाही म्हणून रुसतो.

आणि आकडा आला की तो मानावा लागतो. दिवाळीचे दिवे रामाच्या परतण्याचे म्हणून अनेक घरी लावतात. त्याआधी लंकेत सीता अग्नीतून निघाली होती. अग्नीनेच ग्वाही दिली. तरी उत्तरकांडात, भरल्या सभेत, तिच्याकडे पुन्हा शुद्धीची शपथ मागितली गेली. चांदी दुसऱ्यांदा आटवली तरी तक्रार करीत नाही. सीतेने भूमीला हाक मारली.