कंधारच्या वेढ्याचा खाका

मराठवाड्यातल्या लोह्याहून कंधारला गेलेला माणूस किल्ल्याचा पाण्याने भरलेला खंदक बघत राहतो. याच किल्ल्याच्या वेढ्याचं चित्र इंग्लंडमध्ये, विंडसरच्या राजवाड्यात आहे, हे मात्र तिथे क्वचितच कुणाच्या कानावर आलेलं असतं. मे १६३१ मध्ये शाहजहानचा सरदार नसीरी खान याने निजामशाहीचं हे ठाणं घेतलं. पयाग या चित्रकाराने तो प्रसंग ‘पादशाहनामा’साठी, म्हणजे शाहजहानच्या कारकिर्दीच्या दरबारी इतिहासासाठी, रंगवला. (अफगाणिस्तानातलं कंदाहार वेगळं; ते मुघलांना मिळालं १६३८ साली.)

मुघल चित्रशाळेत रंगाआधी खाका यायचा. दरबारी मंडळींचे चेहरे रेखाटून ठेवलेले असत. हरणाच्या पातळ कातड्यावर रेघ उतरवायची, तिच्यावर सुईने भोकं पाडायची, वरून कोळशाची पूड झटकायची, की तोच चेहरा नव्या कागदावर हजर. नाक, डोळे, दाढी अस्सल. पण तो माणूस त्या दिवशी नेमका कुठे उभा होता?

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, इथेच चित्रकाराला अडवलं असतं. चेहरा प्रत्यक्ष पाहिलेला, प्रसंग मात्र ऐकीव. ऐकीव गोष्ट प्रमाण धरायची तर सांगणारा आप्त हवा, म्हणजे जाणता आणि निःस्वार्थी. इथे सांगणारा दरबार, आणि दरबाराला विजय हवा होता. शिवाय तो विजय ईश्वरी इच्छेचा दिसायला हवा. म्हणून याच ग्रंथात बादशहाच्या डोक्यामागे तेजोवलय आहे आणि काही चित्रांत वर युरोपीय धाटणीचे देवदूत.

१६३० ते ३२ हा दख्खनच्या भयंकर दुष्काळाचा काळ. तुकोबांच्या घरात याच दुष्काळाने माणसं नेली. ‘पादशाहनामा’चा लेखक लाहोरी याच्या मजकुरात तो आहे. विंडसरच्या प्रतीतल्या ४४ चित्रांपैकी एकही त्याच्यावर नाही. असत्य न रेखाटताही खोटं बोलता येतं, ते असं.

युरोपात त्याच सुमारास जाक कालो हा कोरीव चित्रकार स्पेनने वेढा घालून जिंकलेल्या ब्रेडाला गेला, रेखाटनं केली आणि स्पेनच्या बाजूच्या विजयाचं कोरीव चित्र सिद्ध केलं. पुढे फ्रान्सच्या राजासाठी ला रोशेलचा वेढाही कोरला. १६३३ मध्ये फ्रेंच फौजा त्याच्याच लोरेन प्रांतात शिरल्या आणि त्याच वर्षी त्याची युद्धाच्या हालअपेष्टांवरची १८ चित्रं निघाली: लुटलेली घरं, झाडाला टांगलेली माणसं.

पयागला अशी मोकळीक नव्हती; तो पडला दरबाराचा चाकर. त्याची चित्रं असलेली ती पोथी पुढे अवधच्या नवाबाने इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला भेट पाठवली. साल १७९९.