कुंपणाचा खांब आणि आर्जव



गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात. त्यातलं एक आर्जव. 'ऋजु' म्हणजे सरळ, त्यावरून आर्जव. मी या शब्दावरून नेहमी पटकन पुढे सरकायचो. आपण खोटं बोलत नाही, म्हणजे हे जमलंय, असं वाटायचं. गेल्या महिन्यात हा समज मोडला, तोही कुंपणामुळे.

इथे टेक्ससमध्ये बहुतेक घरांच्या मागे सहा फुटी लाकडी कुंपण असतं. आमचं आणि शेजारच्या आजोबांचं मधलं कुंपण सामाईक. एका वादळी रात्री ते आडवं झालं. सकाळी आजोबा स्वतःच म्हणाले, "वादळापुढे काय चालतंय! खर्च निम्मा-निम्मा करू." लगेच चेकही दिला. मी आनंदाने घेतला.

८११ ला फोन करून जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनवर खुणा करून घेतल्या आणि शनिवारी खणायला लागलो. फळ्या धड होत्या, खांब जमिनीलगत मोडला होता. काँक्रीटमध्ये अडकलेला तुकडा टणक, वरचा भागही टणक, पण जमिनीच्या पातळीला बोट आत जाईल इतकं भुसभुशीत लाकूड. कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, आणि दोन्ही नेमके तिथेच मिळतात. पण इतका ओलावा आला कुठून? मान वळवली तर माझ्याच स्प्रिंकलरचं तोंड खांबाकडे. दोन उन्हाळे ते तसंच पाणी मारत होतं. मला दिसलंही होतं, 'नंतर बघू' म्हणून सोडलं होतं.

ऑफिसमध्ये सिस्टिम बंद पडली की आम्ही रिपोर्टमध्ये ट्रिगर आणि रूट कॉज वेगळे लिहितो. इथे ट्रिगर वादळ. रूट कॉज मी.

आता प्रश्न असा, की मी खोटं काय बोललो होतो? 'वादळ' हा शब्द आजोबांचा होता. मी फक्त गप्प होतो. बायको म्हणाली, "मग सांग ना त्यांना." मी वकिली सुरू केली: खांब जुनाच होता, आज ना उद्या पडलाच असता, वादळ तर खरंच झालं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण सगळ्या वाक्यांचा कल माझ्या खिशाकडे होता.

प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगायलाच हवी, असं मला वाटत नाही. पण समोरचा माणूस चुकीच्या माहितीवर पैसे देतोय आणि खरी माहिती फक्त माझ्याकडे आहे, तेव्हा माझं गप्प बसणं खोट्याचंच काम करत असतं.

नवीन खांब बसवताना लेव्हल दोन बाजूंनी लावून बघावी लागते. एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो. माझंही तसंच झालं होतं. बोलण्यात सरळ, गप्प बसण्यात तिरका.

संध्याकाळी जाऊन सगळं सांगितलं, चेक परत दिला. आजोबांनी तो घडी करून खिशात टाकला, "ठीक आहे" म्हणाले आणि दार लावलं. नंतर आठवडाभर जरा तुटकच वागले. खरं सांगू? मला वाईट वाटलं. मनातून मी शाबासकीची वाट बघत होतो.

त्याच यादीत आर्जवाच्या आधी, अगदी पहिलं लक्षण आहे अमानित्व. त्यावर उद्या बोलू.

आज एवढंच बघा: आपण कुठे गप्प आहोत, आणि त्याचा फायदा कुणाला होतोय?