घागरीने नाही

दोन दिवाळ्यांपूर्वीची भाऊबीज. आक्का देगलूरातच, दोन गल्ल्या पलीकडे राहते. ताट हातात घेऊन ती थबकली आणि म्हणाली, "मला ओवाळायला चालंल का रे?"

गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवसापासून तिची लघवी आपोआप गळत होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर (नाव कशाला सांगू!) "अशक्तपणा आहे" म्हणाले. जावा म्हणाल्या, हिने घागर उचलली असेल. आक्काने तेच खरे मानले आणि अंथरूण ओसरीवर नेले.

मी तिला नांदेडला नेले. शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन काढला. नवल असे की, पहिल्या चित्रांत काहीच वावगे नव्हते. ते औषध मूत्रपिंडांतून गाळून मूत्राशयात उतरेपर्यंत थांबावे लागते. मागाहून काढलेल्या चित्रात मात्र मूत्राशयामागून योनिमार्गात गेलेली बारीक पांढरी रेघ दिसली. मूत्राशयात निळे पाणी भरून, कापसाचे बोळे ठेवून हेच पाहण्याची जुनी रीत आहे; ती अजून मोडलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाका भलतीकडे पडला किंवा विजेच्या डागणीची धग लागली, तर तेवढी जागा हळूहळू मरते आणि काही दिवसांनी भोक पडते."

"घागरीने नाही?" आक्काने दोनदा विचारले.

"नाही."

आता माझी अडचण. चित्रात भोक दिसते, हात दिसत नाही. निष्णात हाताकडूनही असे घडते, हे मी मानतो. चुकीला लगेच अपराध म्हणणे मला जड जाते. मुळात पिशवी काढायला हवी होती का, हेही चित्र सांगत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचे २०१९ साली विधान परिषदेत सांगण्यात आले. त्यांतल्या किती आवश्यक होत्या, ते कोणत्या यंत्राने पाहावे? परंतु "अशक्तपणा" या शब्दाला मी चूक म्हणू शकत नाही. त्या एका शब्दाने डॉक्टर सुटले आणि बाई अडकली.

पुढे नांदेडलाच दुसरी शस्त्रक्रिया होऊन आक्का कोरडी झाली. मी फिल्म घेऊन त्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली.

"होतं असं कधी कधी," ते म्हणाले.

भांडायचे ठरवून गेलो होतो, भांडलो नाही. ते बरे केले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. घरी येऊन आक्काला त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "फिल्म दे इकडं."

गेल्या दिवाळीत करंज्या भरताना तिने ती जावांपुढे उजेडात धरली आणि पिठाच्या बोटाने रेघ दाखवली.