औषध सोडताना धीर
चातुर्मासात आपण काहीतरी वर्ज्य करतो. परंतु मनाच्या आजारावरील गोळी ही व्रतासाठी सोडण्याची वस्तू नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी मन धीराने, हळूहळूच शांत करावयास सांगितले आहे, औषधाचेही तसेच. एकाएकी सोडल्यास चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता उद्भवू शकते आणि घरचे तिला बाहेरची बाधा समजतात. नैराश्यावरील औषधांविषयी २०२० साली ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स या संस्थेने सांगितले, की मात्रा टप्प्याटप्प्याने, शेवटी तर अधिकच अल्पांशाने उतरवावी. म्हणून लहरीपुऱ्यातील कुटुंबांस आमची विनंती: डॉक्टरांस विचारूनच मात्रा घटवावी. त्रास वाढल्यास त्यांच्या सल्ल्याने मागील मात्रेवर परतण्यात पराभव नाही. ‘अजून गोळ्या चालूच?’ असे न विचारता, जागणाऱ्याजवळ रात्री घटकाभर बसावे; तीही ईश्वरसेवाच होय.