चुकलेल्या माणसाचा पत्ता

गेल्या हिवाळ्यात सोलापुरातल्या एका परिसंवादात एका वक्त्याने फॅमिली डॉक्टरला श्रद्धांजलीच वाहून टाकली. आभा कार्डाचा 14 आकडी नंबर हाच म्हणे यापुढे आपला घरचा डॉक्टर. रिपोर्ट, औषधं, ॲलर्जी, सगळं एका जागी. समोर कोण बसलंय याने काय फरक पडतो? वर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा दाखला: परक्या मुलखातल्या अनोळखी जखमींना त्यांनी वाचवलंच ना, ओळख कुठे लागली? टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत होतो म्हणून मीही वाजवल्या. त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

कोटणीसांना तरी यात ओढायला नको होतं. 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. बाकीचे चौघे परत आले. हा सोलापूरकर राहिला. चिनी भाषा शिकला, तिथेच लग्न केलं, बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेला. आपण त्यांच्या जाण्याचे पोवाडे गातो. मोठेपण राहण्यात होतं. अनोळखी माणसं त्यांनी अनोळखी ठेवली नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या डॉक्टरांच्या नोंदी म्हणजे पिवळी पडलेली कार्डं. पण विडी वळणारी बाई खोकत आत आली की ते आधी तेलुगूत विचारत, धाकटी शाळेत जाते ना अजून? धाकटी शाळा सोडून बसली म्हणजे हात वाढले, विड्या वाढल्या, घरात तंबाखूची धूळ वाढली. कुणाचं बीपी उतरेना, तर गोळी वाढवण्याआधी शेंगाचटणीची चौकशी. आभात हा रकाना कुठे भरायचा?

आकडे हवे असतील तर तेही आहेत. नॉर्वेतला 2022 साली छापलेला अभ्यास सांगतो की पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण वर्षभराच्या ओळखीवाल्यांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी कमी होतं. मी हा आकडा पुष्कळ ठिकाणी फेकलाय. खरं तर पंधरा वर्षं एका जागी टिकणारी माणसं मुळातच थोडी सुस्थितीतली असणार; संशोधक असले फरक हिशेबात धरतात, तरी शंका उरते.

शिवाय घरचंच उदाहरण माझ्या विरुद्ध जातं. आई दोन वर्षं थकव्याची तक्रार करत होती. "वहिनी, तुमचं हे जुनंच," डॉक्टर म्हणायचे. ते नसताना बदली आलेल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत थायरॉईडची तपासणी लिहून दिली. निदान तिथेच. तीस वर्षांच्या ओळखीला जे दिसलं नाही, ते अनोळखी डोळ्यांनी टिपलं. म्हणजे वक्ता जिंकला?

मला तसंच वाटलं होतं. पण रिपोर्ट आल्याच्या संध्याकाळी डॉक्टर घरी आले. चहाला नको म्हणाले. "वहिनी, माझ्याकडून राहिलं." त्यानंतर थकवा घेऊन आलेल्या आमच्या गल्लीतल्या एकाही बाईला त्यांनी "जुनंच" म्हटल्याचं ऐकलं नाही.

एकदाच भेटणाऱ्या डॉक्टरला स्वतःची चूक कळतच नाही. पेशंट दुसरीकडे जातो आणि याला वाटतं, बरा झाला. चूक परत यायला पत्ता लागतो, आणि ती आल्यावर खाली घालायला मान लागते. एवढ्यासाठी मी ओळखीतला आंधळेपणाही पत्करीन. म्हणजे हातगुणाबिणाचे जे गोडवे मी आजवर गायले, ते मागे घेतो. बाजू तीच, कारण बदललं.

आता डॉक्टर थकले. मुलाने दवाखाना घेतला नाही. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर ठेवून दहा बाय बाराच्या खोलीत बसणं परवडत नाही, आणि त्याला दोष देणारा मी कोण? खोलीत मोबाईलचं दुकान आहे. आई पॉलिक्लिनिकमध्ये जाते, दरवेळी नवा चेहरा, कार्ड पर्समध्ये. परवाच्या गोळीने तिच्या पायांना सूज आली. पुन्हा गेली तर तो डॉक्टर सोडून गेलेला. मग तिने मलाच सांगितलं. मी काय करणार, मी दिवाळी अंकात लिहितो.