कवितेचे दोषनियंत्रण : बालशिक्षणातील एक नैतिक प्रश्न

मारिया मॉन्टेसरी यांच्या शिक्षणविचारातील सर्वांत क्रांतिकारक कल्पना कोणती, असे विचारले तर बहुतेक अभ्यासक 'बालकाचे स्वातंत्र्य' हे उत्तर देतील. मला स्वतःला तो मान 'दोषनियंत्रण' या काहीशा रुक्ष संज्ञेला द्यावासा वाटतो. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात दहा खाचा असतात आणि त्यांत नेमके बसणारे लहानमोठे दहा दट्टे असतात. एखादा दट्टा चुकीच्या खाचेत गेला की अखेरीस एक दट्टा हातात उरतो आणि त्याला जागा मिळत नाही. चूक झाली हे मुलाला कोणी सांगत नाही, ठोकळाच सांगतो. 'चूक' हा शब्द मोठ्यांच्या तोंडी आणि छडी त्यांच्या हाती असण्याच्या काळात निर्णयाचा अधिकार माणसाकडून काढून वस्तूकडे सोपवणे ही केवळ अध्यापनातील युक्ती नव्हती. मुलाला दुसऱ्याच्या मर्जीतून सोडवणारी ती एक नैतिक कृती होती.

प्रस्तुत लेखातील प्रश्न येथूनच उद्भवतो. बालवाडीत कविताही एक साधन म्हणून वापरली जाते. गुलाबी मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरे, चित्रपत्रे आणि बालगीते एकाच वेळापत्रकात नांदतात. परंतु कवितेत झालेली चूक कोण सांगणार? कविता स्वतः ती सांगू शकत नसेल, तर तो अधिकार पुन्हा मोठ्यांच्या हाती जातो काय? आणि जात असेल, तर ते न्याय्य आहे काय?

काही वर्षांपूर्वी एका बालवाडीतील भाषेचा तास पाहण्याचा योग आला होता. तेथील बाईंनी स्वतः रचलेले एक पाऊसगाणे मुले म्हणत होती. पाऊस छपरावर पडतो, झाडावर पडतो आणि शेवटी अंगणात विसरलेल्या पाटीवर पडून तिच्यावरची अक्षरे पुसून टाकतो, असा त्याचा साधा आशय. एक साडेचार वर्षांची मुलगी दर वेळी 'पाटीवर'च्या जागी 'पाठीवर' म्हणे. बाईंनी न रागावता पाटीचे चित्र दाखवले आणि विचारले, "ही काय?" "पाटी." मग स्वतःच्या पाठीकडे हात नेऊन, "आणि ही?" "पाठ." "मग पाऊस कुठं पडला?" "पाठीवर," मुलगी म्हणाली.

येथे कोणी हसू नये. ट आणि ठ यांतील भेद कानाला आणि जिभेला पटवून देणे हे त्या बाईंचे कामच होते आणि त्यांनी ते सौम्यपणे केले. मुलीने तो शब्द जाणूनबुजून निवडला, असाही दावा मी करणार नाही. लहान मुलांत कवी शोधण्याची हौस समीक्षकांनी आवरलेली बरी. लक्षात घ्यायची गोष्ट इतकीच, की तिला दोन्ही वस्तू ठाऊक होत्या, दोन्ही नावे ठाऊक होती, दोन्ही ध्वनी ती वेगळे उच्चारू शकत होती. साधनाच्या निकषावर तिची परीक्षा पूर्ण झाली होती. तरीही पाऊस पाठीवरच पडत होता.

मॉन्टेसरींच्या भाषापाठाचे मूळ सेगँच्या तीन टप्प्यांत आहे. "हे खरखरीत आहे", मग "खरखरीत कोणते ते दाखव", आणि अखेर "हे काय आहे?" शब्द आणि वस्तू यांच्यात मधे काहीही येऊ नये, अशी ही रचना आहे. ही पद्धती किती समर्थ होती याची साक्ष 1907 मधील एका प्रसंगात मिळते. त्या वर्षीच्या जानेवारीत रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू झाले. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी मुले गच्चीवर असताना मॉन्टेसरींनी एका मुलाला खडू देऊन समोरच्या धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. ते काढून झाल्यावर, ज्याला लेखन कधी शिकवलेच नव्हते असा तो मुलगा हर्षाने ओरडला, आपल्याला लिहिता येते म्हणून, आणि त्याने फरशीवर 'मानो' (हात), 'कामिनो' (धुराडे), 'तेत्तो' (छप्पर) असे शब्द लिहिले. तिन्ही शब्द त्याच्या डोळ्यांसमोरच्या वस्तूंचे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भाषेचा हा पहिला उद्रेक नामांचा आहे, आणि नामे जागच्या जागी बसलेली आहेत, खाचेतल्या दट्ट्यांप्रमाणे.

यामागे एक नैतिक भूमिका होती आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कल्पनाशक्तीची चर्चा करताना मॉन्टेसरी म्हणतात, की आपण ज्याला बालकाची कल्पनाशक्ती समजतो ती पुष्कळदा त्याची विश्वासशीलता असते. कल्पना असते मोठ्यांची. बालक फक्त ती खरी मानते, कारण ताडून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. आपल्याकडे बागुलबुवाचा जो उपयोग घरोघरी झाला आहे तो आठवला, की या युक्तिवादाची धार जाणवते. न जेवणाऱ्या मुलासमोर उभा केलेला बागुलबुवा ही मुलाची कल्पना नव्हे, ती मोठ्यांची सोय आहे. दुर्बळाच्या अज्ञानाचा फायदा घेणे हे असत्यभाषणच, मग त्याला लोकसाहित्याचा कितीही आधार असो. एवढ्यापुरते मी मॉन्टेसरींशी सहमत आहे.

मतभेद पुढच्या पायरीवर होतो. काठीचा घोडा करून दौडणाऱ्या मुलाबद्दल त्यांचे म्हणणे असे, की त्याच्याजवळ खरा घोडा नाही म्हणून तो काठीवर बसतो. ज्याच्या घरी तट्टू आहे तो काठीकडे वळणार नाही. म्हणजे कल्पित हे अभावाचे लक्षण ठरते. हे वाचताना भारतीय काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरा एक घोडा आठवल्यावाचून राहत नाही. शंकुकाच्या चित्रतुरगन्यायातील चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि सादृश्यरूपही नव्हे. ती या चारही प्रकारांहून वेगळी असते. शंकुकाची रसमीमांसा पुढे भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी खोडून काढली हे खरे, पण कलेतील विधान खरे की खोटे हा प्रश्नच तेथे अप्रस्तुत असतो, ही त्याची सूझ टिकून राहिली. काठीवर दौडणारे मूल तट्टू मिळाले नाही म्हणून फसवून घेत नसते. त्या काठीला ते चारा घालते, आणि खेळ मोडला की तीच काठी आई कपडे वाळत घालायला घेऊन गेली तर घोडा पळाला म्हणून रडत नाही. विश्वास आणि कल्पना यांतील जो भेद मॉन्टेसरींनी नेमकेपणाने दाखवला, तो मुलाला त्यांच्या अपेक्षेहून लवकर कळतो. बागुलबुवा विश्वासाची मागणी करतो. कवितेतला चंद्र ती करीत नाही.

मग कवितेत काहीच चुकत नाही काय? तसेही नाही, आणि येथे मराठीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. रोममधल्या मुलाच्या हाती जी सुटी अक्षरे होती ती ध्वनीच्या क्रमाने मांडली, की बव्हंशी शब्द तयार होत असे. मराठी मुलाचे तसे नाही. 'किती' हा शब्द मांडताना क नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व इ त्याला क च्या आधी ठेवावी लागते. 'चमचा'तल्या पहिल्या च चा आणि 'चिमणी'तल्या च चा उच्चार वेगळा, पण पेटीतले अक्षर एकच. साधनातले दोषनियंत्रण येथे काहीसे लंगडते. डोळ्याला बरोबर दिसणारे कानाला बरोबर वाटतेच असे नाही. मराठीसाठी ही साधने घडवणाऱ्यांनी या अडचणींवर आपापल्या परीने मार्ग काढले, पण या अडचणीमागे दडलेल्या एका लाभाकडे मात्र आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही.

तो लाभ असा. 'कमळ' हा शब्द आपण बोलताना क-मळ असा दोन तुकड्यांत म्हणतो. शेवटचा अ बोलण्यात गळून जातो. परंतु मुलाच्या पेटीत तीन अक्षरे आहेत आणि मांडणीतही तीनच पडतात. पेटी जणू बोलण्याशी विसंगत वागते. आता तोच शब्द ओवीत किंवा अभंगात आला, की तिन्ही अक्षरे पूर्ण उच्चारली जातात. अक्षरछंदांत अक्षर मोजले जाते आणि ते लांबवून म्हटले जाते, हे माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त साधार मांडले आहे. म्हणजे बोलण्यात हरवलेला स्वर मुलाला कवितेत परत मिळतो, आणि त्याच्या हातातील सुटी अक्षरे बोलीपेक्षा छंदाशी अधिक इमानी ठरतात. मॉन्टेसरींनी मोठ्या मुलांसाठी छंदांच्या अभ्यासाची स्वतंत्र योजना केली होती. मराठी मूल अक्षरे मांडायला बसते त्या दिवशीच नकळत छंदाच्या उंबरठ्यावर बसलेले असते. ओळीत एक अक्षर कमी पडले तर ते त्याला कोणी सांगावे लागत नाही. टाळी रिकामी पडते. कवितेला स्वतःचे दोषनियंत्रण आहे ते हे, आणि ते कानाचे आहे, अर्थाचे नाही. ज्या मुलीची गोष्ट वर सांगितली तिची टाळी चुकत नव्हती. 'पाटीवर' आणि 'पाठीवर' यांचे माप एकच आहे. कवितेच्या न्यायालयात ती निर्दोष होती. आरोप चित्रपत्राचा होता.

अर्थाच्या बाबतीत बरोबर कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे आणखी एका कारणाने बिकट होतो. मॉन्टेसरी 1939 मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे 1946 पर्यंत येथेच राहिल्या. पण त्यांचा विचार त्यांच्या कितीतरी आधी येथे रुजला होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यात ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी होत्या. गिजुभाईंनी मॉन्टेसरींची साधने घेतली, पण गोष्टीचे वावडे घेतले नाही. उलट कथाकथनावर त्यांनी शास्त्रग्रंथच लिहिला. (ज्या वर्षी मॉन्टेसरी येथे आल्या त्याच वर्षी जूनमध्ये गिजुभाई वारले. ते जगते, तर गुरु-शिष्यांचा हा वाद ऐकण्यासारखा झाला असता.) पुढे 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि नंतर कोसबादला. त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी, मुख्यतः वारली, मुलांसाठी जी बालवाडी उभी केली तिच्यात महागड्या साधनांच्या जागी बिया, शंखशिंपले आणि पाने आली. साधन बदलले तसे नावही बदलणे क्रमप्राप्त होते काय? "हे अमुक आहे" हा पहिला टप्पा ज्या क्षणी शिक्षिका उच्चारते, त्या क्षणी ती एक भाषा निवडते. मुलाच्या घरी त्या पानाला दुसरे नाव असेल, तर तिसऱ्या टप्प्यातले त्याचे उत्तर चूक धरायचे काय? येथे वस्तू गप्प राहते. पान आपले नाव सांगत नाही. दोषनियंत्रण वस्तूकडे सोपवले, हा आपला समज येथे फोल ठरतो. भाषेपुरते ते कधीच वस्तूकडे गेलेले नव्हते, ते प्रमाणभाषा बोलणाऱ्या माणसाकडेच राहिले होते.

हे बालवाडीपुरतेच खरे असते तर साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पदव्युत्तर वर्गात आम्ही काय करतो? कविता वाचून दाखवतो, प्रतिमा दाखवायला सांगतो आणि परीक्षेत विचारतो, "हे काय आहे?" सेगँचा तिसरा टप्पा विद्यापीठात अत्यंत निष्ठेने पाळला जातो. एखाद्या विद्यार्थिनीने पाऊस पाठीवर पडला असे लिहिले, तर मी स्वतः किती गुण दिले असते, याचे उत्तर मला सोयीचे नाही.

मॉन्टेसरींनी याच पाठासंबंधी सांगितलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडते. मूल चुकले, तर शिक्षिकेने ते दुरुस्त करू नये, आग्रह धरू नये, पाठ तेथेच थांबवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. अधिकार असूनही तो न वापरणे, हा त्या पद्धतीचा गाभा आहे. कवितेबाबत मी याहून एक पाऊल पुढे जाईन : तिसरा टप्पा दुसऱ्या दिवशीही घेऊ नये. चित्रपत्रासाठी ट आणि ठ यांचा वेगळा पाठ असावा, तो जरूर नीट घ्यावा. पण त्यासाठी कवितेला साक्षीदार म्हणून उभे करू नये. जात्यावरची ओवी मांडीवरच्या मुलाला शिकवण्यासाठी म्हटली जात नसे. ते ऐके, झोपे, अर्धवट लक्षात ठेवी, आणि त्याला कोणी काही विचारीत नसे.

मॉन्टेसरींच्या योजनेत कवितेच्या सर्वांत जवळचे मला भाषेचे कोणतेच साधन वाटत नाही. शांततेचा खेळ वाटतो. एकदा त्या चार महिन्यांच्या एका बाळाला घेऊन वर्गात आल्या आणि ते किती निश्चल आहे, त्याचा श्वासही ऐकू येत नाही, हे त्यांनी मुलांना दाखवले. मुलेही तशीच स्तब्ध झाली. मग त्यांनी शेजारच्या खोलीतून एकेका मुलाचे नाव कुजबुजत्या स्वरात घेतले आणि एकेक मूल पावले न वाजवता उठून गेले. येथेही शब्द आहे आणि शब्दाला उत्तर आहे. पण कोणी परीक्षा घेत नाही.

त्या बालवाडीतही गाण्यानंतर असाच एक शांत खेळ झाला. मुले जोड्या करून बसली आणि एकमेकांच्या पाठीवर बोटाने अक्षर काढू लागली. ज्याच्या पाठीवर काढले त्याने ते ओळखायचे, आणि ओळखता आले नाही तर काढणाऱ्याने तळहाताने पाठ पुसायची व पुन्हा लिहायचे. हा खेळ तेथे रोजचा होता, असे बाई म्हणाल्या.