चौदा जणांचे विजेतेपद

2 मे 1981 रोजी ॲस्टन व्हिला लंडनमध्ये आर्सेनलकडून 0-2 असा हरला आणि त्याच संध्याकाळी इंग्लंडचा विजेता ठरला. तिकडे मिडल्सब्रोत इप्सविच टाउन एका गोलने पुढे होता. मग मिडल्सब्रोच्या बोस्को यांकोविचने दोन गोल केले आणि इप्सविचची आशा मावळली. बर्मिंगहॅमच्या व्हिलाने साखळी जिंकली ती 1910 नंतर पहिल्यांदा.

त्या हंगामाची आठवण आजही निघते ती मात्र एका आकड्यामुळे. 42 सामन्यांसाठी मॅनेजर रॉन सॉंडर्स यांनी अवघे 14 खेळाडू वापरले. रिमर, स्वेन, मॅकनॉट, मॉर्टिमर, ब्रेमनर, काउअन्स आणि मॉर्ली हे सात जण एकाही सामन्याला मुकले नाहीत. बिल शॅन्कली यांच्या लिव्हरपूलनेही 1965-66 मध्ये 14 खेळाडूंतच विजेतेपद मिळवले होते. आज एखाद्या मॅनेजरने शनिवारी जिंकलेल्या संघात मंगळवारी पाच बदल केले आणि सामना हातचा गेला, की ही दोन उदाहरणे लगेच पुढे येतात. जिंकणारा संघ बदलू नये, जुन्या लोकांना हे कळत होते, आताच्यांना कळत नाही, असा तो युक्तिवाद असतो.

मला तो पटत नाही. तो मांडणाऱ्यांचे खेळावरचे प्रेम खरे आहे, म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. आणि उत्तर त्याच हंगामात आहे, फक्त व्हिलाकडून नजर काढून इप्सविचकडे न्यावी लागते.

बॉबी रॉबसन यांचा इप्सविच त्या वर्षी व्हिलापेक्षा सरस खेळत होता असे मी म्हणेन, आणि त्याला आधार आहे. त्यांनी व्हिलाला साखळीत दोन्ही वेळा हरवले, एफए कपातही हरवले. फ्रान्स थायसन आणि आर्नोल्ड म्यूरन या दोन डच खेळाडूंनी त्यांच्या मधल्या फळीला इंग्रजी फुटबॉलमध्ये तेव्हा दुर्मिळ असलेला संथ, नेमका पास दिला होता. मध्यरक्षक असूनही जॉन वार्कने सगळ्या स्पर्धा मिळून 36 गोल केले, त्यांतले 14 एकट्या यूएफा कपात. इप्सविचने तो कप जिंकला. एफए कपाच्या उपांत्य फेरीतही ते पोहोचले. साखळीत मात्र ते 56 गुणांवर थांबले आणि व्हिला 60 वर गेला. विजयाला दोनच गुण मिळण्याचा तो काळ होता.

त्या हंगामात इप्सविच 66 सामने खेळला. व्हिला युरोपात नव्हता, दोन्ही देशी कपांतून लवकर बाहेर पडला होता, आणि त्याचे सामने पन्नाशीच्या आतच आटोपले. म्हणजे एका संघाचे खेळाडू बुधवारी घरी होते आणि दुसऱ्याचे परदेशातल्या मैदानावर. मार्च-एप्रिलमध्ये इप्सविचचे पाय जड झाले, सामने निसटू लागले. स्थिर संघाचा विजय म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तो बऱ्याच अंशी रिकाम्या बुधवारांचा विजय होता. पुढच्याच वर्षी याची परीक्षा झाली. व्हिला विजेता म्हणून युरोपियन कप खेळू लागला आणि जवळजवळ तेच खेळाडू असताना साखळीत अकराव्या क्रमांकावर घसरला. मधल्या काळात, फेब्रुवारी 1982 मध्ये, सॉंडर्स क्लब सोडून गेले हे खरे, पण एवढी घसरण त्या एका कारणात मावत नाही.

हाच क्रम पुढे अनेकदा दिसतो. लेस्टर सिटीने 2015-16 मध्ये विजेतेपद मिळवले तेव्हा साखळीत सर्वांत कमी बदल करणारा संघ तोच होता. कर्णधार वेस मॉर्गन आणि गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल साखळीतला प्रत्येक मिनिट खेळले. पण लेस्टरचे त्या हंगामातले एकूण सामने होते 43. साखळीचे 38, लीग कपाचे तीन, एफए कपाचे दोन. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग आली, एन्गोलो कान्टे चेल्सीला गेला, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये लेस्टर खालच्या श्रेणीत घसरण्याच्या रेषेपासून एका गुणावर असताना क्लॉडिओ रानिएरी यांना काढून टाकण्यात आले. त्याच 2016-17 मध्ये अंतोनिओ कोन्ते यांच्या चेल्सीने ओळीने 13 सामने जिंकले, जवळपास तोच संघ आठवड्यामागून आठवडा उतरवून. चेल्सीलाही त्या वर्षी युरोप नव्हता.

मग स्थिर संघात काहीच नाही का? आहे, आणि ते मोलाचे आहे. अकरा जण वर्षभर एकत्र खेळतात तेव्हा त्यांच्यात एक बिनबोलाची समज तयार होते. चार बचावपटूंनी एकाच क्षणी दोन पावले पुढे सरकून समोरच्या आघाडीवीराला ऑफसाइड पकडायचे, तर त्यांच्यातल्या एकालाही विचार करायला वेळ घेऊन चालत नाही. एसी मिलानच्या तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि माल्दिनी या चौघांकडे ते होते. उजव्या बाजूचा बचावपटू कधी पुढे धावणार हे त्याच्यापुढचा खेळाडू मान न वळवता ओळखतो आणि जागा मोकळी करून देतो. गोलरक्षक क्रॉससाठी बाहेर येणार की रेषेवर थांबणार, हे मधल्या बचावपटूला ओरडून सांगावे लागत नाही. ही समज सरावाने येते, पण खऱ्या सामन्यात चुका करूनच पक्की होते. ती मोडली की संघ मोडतो.

आणि प्रेक्षकाचेही काही असते. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही. तिथे संघ म्हणजे तालीम, तालीम म्हणजे पेठ, आणि अकरांत कोण आहे हे पेठेतल्या म्हातारीलाही ठाऊक असते. नावे एका दमात म्हणता आली पाहिजेत, ही प्रेक्षकाची भूक आहे. आज एखाद्या मोठ्या क्लबचे नेहमीचे अकरा सांगा म्हटले तर पंधरा नावे निघतात, आणि मलाही त्याची हुरहूर वाटते. त्या हुरहुरीवर निवड करणे मात्र मॅनेजरचे काम नाही.

फेरबदलाचे नाव खराब झाले ते रानिएरींमुळेच, आणि बारकाईने पाहिले तर चुकीच्या कारणाने. चेल्सीत असताना ते सतत संघ हलवत, म्हणून इंग्लिश पत्रकारांनी त्यांना ‘टिंकरमन’ हे नाव दिले. 20 एप्रिल 2004 रोजी मोनॅकोत चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात 1-1 अशी बरोबरी होती, मोनॅकोचा एक खेळाडू बाहेर गेला होता, आणि रानिएरींनी उजवा बचावपटू मारिओ मेल्खियो याला काढून जिमी फ्लॉइड हॅसेलबेंक हा आणखी एक आघाडीवीर आत पाठवला. दहा जणांच्या मोनॅकोने शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल करून 3-1 ने सामना जिंकला. पेप गार्डिओलांनी 2021 च्या पोर्तोतल्या अंतिम सामन्यात रॉड्री आणि फर्नांडिन्यो या दोघांनाही सुरुवातीच्या अकरांत घेतले नाही, आणि मँचेस्टर सिटी चेल्सीकडून एका गोलने हरला. हे दोन प्रसंग फेरबदलाविरुद्धचा पुरावा म्हणून दिले जातात. मला ते वेगळे वाटतात. सर्वांत मोठ्या रात्री संघाला जे कधीच सवयीचे नव्हते ते करायला लावणे, हे फेरबदलाच्या अगदी उलट आहे. खरा फेरबदल म्हणजे ऑक्टोबरातल्या साध्या सामन्यात दुसऱ्या माणसाला जागा देणे, म्हणजे एप्रिलमध्ये तो तिथे अनोळखी राहत नाही. राफाएल बेनितेझ यांनी 2006 पर्यंत लिव्हरपूलमध्ये ओळीने 99 सामने संघात काही ना काही बदल केला, आणि याच काळात, मे 2005 मध्ये, तो संघ युरोपचा विजेता झाला.

उलट बाजूचे सर्वांत बोचरे उदाहरण आर्सेनलचे आहे. 2022-23 मध्ये मिकेल आर्तेता यांचा संघ 248 दिवस अग्रस्थानी होता. तो संघ पाहणे हा निखळ आनंद होता, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची चाल पाठ होती. 16 मार्च 2023 रोजी युरोपा लीगच्या सामन्यात विल्यम सलिबाची पाठ दुखावली आणि उरलेल्या हंगामात तो खेळलाच नाही. त्याच्या जागी आलेला रॉब होल्डिंग प्रामाणिक बचावपटू, पण साखळीत त्याला तोवर फारसे उतरवलेच नव्हते. सलिबाच्या वेगाच्या भरवशावर मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे सरकणारी बचावफळी आता मागे राहू लागली, तिच्या आणि मधल्या फळीच्या दरम्यान फट पडली. लिव्हरपूलशी 2-2, वेस्ट हॅमशी 2-2, तळाच्या साउथॅम्प्टनशी 3-3. सिटीने पाच गुणांनी विजेतेपद नेले. लोकांनी होल्डिंगला दोष दिला. माझ्या मते दोष सप्टेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांचा आहे.

यावर एक आक्षेप आहे, आणि मी तो सहज बाजूला सारू शकत नाही. 26 मे 1982 रोजी रोटरडॅममध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध युरोपियन कपाच्या अंतिम सामन्यात व्हिलाचा जिमी रिमर, तोच ज्याने 42 पैकी 42 सामने खेळले होते, नऊ-दहा मिनिटांत दुखापतीने बाहेर गेला. आत आला 23 वर्षांचा नायजेल स्पिंक. क्लबात पाच वर्षे काढून मुख्य संघाकडून त्याचा तोवर एकच सामना झाला होता. बायर्नला त्याने एकही गोल करू दिला नाही. पीटर विथच्या गोलवर व्हिला युरोपचा विजेता झाला. मग तयारीचे एवढे स्तोम कशाला?

मी यावर बराच विचार केला आहे. स्पिंक तरला, कारण त्याच्यापुढचे सगळे एकमेकांना ओळखून होते. जुना, बसलेला संघ एका नवख्याला एका रात्रीपुरता पाठीवर घेऊ शकतो, आणि स्थिरतेचे खरे बळ मला इथेच दिसते. पण आर्सेनलला एक रात्र नव्हे, दोन महिने काढायचे होते. शिवाय स्पिंक उत्तम निघाला, पुढची अनेक वर्षे व्हिलाचा गोलरक्षक राहिला. तेवढ्या ताकदीचा मुलगा पाच वर्षांत एकदाच मैदान पाहतो, ही गोष्ट मला त्या विजयाच्या आनंदातही सलते.

आता शरीराचे. बार्सिलोनाचा पेद्री 2020-21 मध्ये क्लब आणि देशाकडून, युरो व टोकियो ऑलिंपिक धरून, 73 सामने खेळला. तेव्हा तो 18 वर्षांचा होता. पुढची काही वर्षे त्याच्या मांडीच्या स्नायूंनी त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवले. सप्टेंबर 2024 मध्ये रॉड्री म्हणाला की सामन्यांच्या संख्येमुळे खेळाडू संपाच्या जवळ आले आहेत. काही दिवसांतच आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग 36 संघांची झाली, 2025 मध्ये क्लब विश्वचषक 32 संघांचा. वेळापत्रक आखणारे वेगळे, पैसा घेणारे वेगळे, आणि त्याचा भार मात्र एका माणसाच्या गुडघ्यावर. मॅनेजरच्या हातात यावर एकच साधन आहे, ते म्हणजे त्याला बसवणे. तो बसवतो तेव्हा तिकीट काढून आलेला प्रेक्षक चिडतो. त्याचा राग मला कळतो, पण मी मॅनेजरच्या बाजूने उभा राहीन.

बसवण्याचीही एक रीत असते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मिलानकडे सहा परदेशी तारे होते आणि मैदानात तिघांनाच उतरवण्याची मुभा होती. त्यामुळे 1993 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रुड गुलिटसारखा खेळाडू राखिवांतही नव्हता. त्या उन्हाळ्यात तो साम्पदोरियाला निघून गेला. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंडचा हुकमी आघाडीवीर जिमी ग्रीव्ह्ज फ्रान्सविरुद्ध जखमी झाला, त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले. ग्रीव्ह्ज बरा झाला होता, पण आल्फ रॅमसे यांनी चालता संघ मोडला नाही. अंतिम सामन्यात बदली खेळाडूची सोयही नव्हती, आणि पदकेही अकरांनाच मिळाली. उरलेल्यांना ती मिळाली 2009 मध्ये, 43 वर्षांनी. संघ म्हणजे अकरा, हा समज तेव्हा कायद्यात होता, पदकात होता, लोकांच्या डोक्यातही होता. आता प्रीमियर लीगमध्ये 2022-23 पासून पाच बदल करता येतात. कायदा पुढे गेला, आपली दाद मात्र अजून अकरांपाशीच थांबते.

व्हिलाच्या त्या 14 जणांकडे परत जाऊ, कारण ती यादी पूर्ण वाचणारे कमी आहेत. सात जण कायम होते. डाव्या बचावाची जागा मात्र कॉलिन गिब्सन आणि गॅरी विल्यम्स यांनी हंगामभर आलटूनपालटून सांभाळली. म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत स्थिर म्हणवल्या गेलेल्या संघातही एका जागेला दोन धनी होते आणि दोघेही तयार होते. आणि विथ उपलब्ध नसे तेव्हा पुढे उभा राहायचा डेव्हिड गेडिस. तो 1978 मध्ये एफए कप जिंकणाऱ्या इप्सविचकडून खेळला होता आणि पुढच्याच वर्षी व्हिलात आला होता. विजेतेपदाच्या हंगामात इप्सविचचे जुने सोबती 66 सामने धावत असताना तो साखळीत जेमतेम नऊ सामने खेळला आणि त्यांत गोलही केले. व्हिलाच्या त्या संघाची नावे म्हणताना मी स्वतः कितीतरी वर्षे मॉर्लीपाशी थांबत आलो. त्यापुढे गेडिसचे नाव घ्यायला मी अलीकडे शिकलो.